मशीनगनचं तोंड शत्रूकडे का नसतं? (बचावात शस्त्रं कुठे आणि कशी लावतात यावर धागा)

रेघोट्या
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते विचारून टाकतो, इथे कोणीतरी जाणकार असेलच. मला लढायांचे नकाशे काढायचा नाद आहे (हो, असाही नाद असतो), सध्या फ्रान्सच्या नॉर्मंडीतला ओमाहा बीच काढतोय, जिथे ६ जून १९४४ ला अमेरिकन सैन्य समुद्रातून उतरलं. तिथे पश्चिमेच्या टोकाला व्हिएरव्हिलपाशी जर्मनांचा काँक्रीटचा बंकर आहे, आत ८८ मिलिमीटरची तोफ होती, आजही उभा आहे आणि त्याच्यावरच अमेरिकन नॅशनल गार्डचं स्मारक बांधलंय. फोटोत बघितलं तर समुद्राकडच्या अंगाला चक्क जाडजूड भिंत, आणि तोफेची खिडकी कुठे तर बाजूला, किनाऱ्याच्या लांबीकडे बघणारी. आता हल्ला समुद्रातून येणार हे शेंबड्या पोरालाही कळेल, मग तोफेचं तोंड भलतीकडे का? कोणी समजावून सांगेल का, अगदी ढ माणसाला सांगतात तसं.

टिवल्याबावल्या
काँट्रॅक्टरने नकाशा उलटा धरला असणार. दुसरं काय.

पुस्तकी
उलटाबिलटा नाही हो. त्याच बीचच्या पूर्व टोकाला अशीच दुसरी ८८ होती आणि तिचं तोंड पश्चिमेकडे. म्हणजे दोन टोकांना दोन तोफा, दोघी एकमेकींच्या दिशेने बघतायत आणि मधे सगळा किनारा. हे ठरवून केलेलं आहे.

जुना_एमएमजीवाला
रेघोट्या, प्रश्न झकास आहे. मी इन्फंट्रीत एमएमजी (म्हणजे मध्यम मशीनगन) प्लाटूनमध्ये होतो त्यामुळे तोफेचं जाऊ दे, मशीनगनपासून सुरू करतो, तत्त्व एकच आहे.

मशीनगनच्या गोळ्या एका ठिकाणी पडत नाहीत. गन हादरते, प्रत्येक गोळी थोडी वर थोडी खाली जाते आणि सगळ्या मिळून जमिनीवर एक लांबट पट्टा झोडपून काढतात. पाण्याचा पाइप जवळजवळ आडवा धरून लांब फवारा मारला तर ओल कशी लांबलचक आणि अरुंद पडते, अगदी तसं. याला आम्ही बीटन झोन म्हणायचो. मधल्या टप्प्यावर, सपाट जमिनीवर हा पट्टा लांबीला शंभरएक मीटर आणि रुंदीला जेमतेम एक-दोन मीटर.

आता विचार कर. शत्रू आडव्या रांगेत तुझ्याकडे चालत येतोय आणि गन बरोबर समोर आहे. मग तो लांब पट्टा रांगेला आडवा छेदून जातो, एकदोन माणसं सापडतात आणि बाकी गोळ्या त्यांच्या पुढे-मागे मातीत. तीच गन बाजूला नेऊन रांगेच्या लांबीत मारली तर पट्टा आणि रांग एकावर एक बसतात. पहिल्याला चुकलेली गोळी दुसऱ्याला, त्यालाही चुकली तर पाचव्याला. नेमही फार धरावा लागत नाही, गन फिरवायचीही गरज नाही, एका रेषेत धरून बर्स्ट मारत राहायचं. याला एन्फिलेड म्हणतात आणि मशीनगन लावायच्या सगळ्या विद्येचं मूळ इथे आहे.

ओमाहाला तेच केलंय. बोटी किनाऱ्याला लागल्या की माणसं पाण्याच्या कडेला पसरतात, म्हणजे आपोआप एक लांब रांग होते, आणि दोन्ही टोकांच्या तोफा त्या रांगेच्या लांबीत मारतायत. शिवाय ती समुद्राकडची जाड भिंत आहे ना, ती युद्धनौकांच्या तोफांसाठी. नौकेला समोरून तोफेची खिडकी दिसतच नाही, दिसतं ते नुसतं काँक्रीट. म्हणजे मारा बाजूने करायचा आणि समोरून झाकलेलं राहायचं, दोन्ही कामं एका भिंतीत.

रेघोट्या
काय सांगताय साहेब! डोक्यात दिवा पेटला. पण मग एक उपप्रश्न, बाजूला बघणाऱ्या गनच्या थेट समोरून कोणी चालत आला तर? त्या गनवाल्याला तर तो दिसणारच नाही.

जुना_एमएमजीवाला
नाही दिसणार. पुढे मातीचा ढीग किंवा भिंत असते, खरंच दिसत नाही. त्याला शेजारची गन मारते. आणि शेजारच्या गनच्या समोरून येणाऱ्याला तू मारायचं.

ऐकायला सोपं वाटतं पण नव्या पोरांना हे गळी उतरवणं महाकठीण. माणसाचा स्वभाव असा की समोरून आवाज आला की हत्यार तिकडे वळवायचं. तू वळवलंस की शेजाऱ्याचं दार उघडं पडलं, तो गेला की तुझंही दार उघडं. म्हणून मला विचारशील तर बचावाची आखणी म्हणजे शेजाऱ्याला राखायची आखणी. माझी गन चांगली कुठे लागेल हा प्रश्नच चुकीचा, माझ्या गनने शेजारी कसा वाचेल असं विचारायचं. बाकी पुस्तकात जे काय लिहिलंय ते यातून निघतं.

पुस्तकी
याचं सगळ्यात भारी उदाहरण जपानचं ओकिनावा बेट, मे १९४५. शुगर लोफ नावाची टेकडी, टेकडी कसली उंचवटाच तो, उंची पंधराएक मीटर. अमेरिकन मरीन्सच्या सहाव्या डिव्हिजनला ती घ्यायला जवळजवळ आठवडा लागला, कितीदा वर चढले आणि कितीदा खाली ढकलले गेले. कारण ती एकटी नव्हती. मागे दोन बाजूंना हाफ मून आणि हॉर्सशू असे आणखी दोन उंचवटे, तिन्ही मिळून त्रिकोण. शुगर लोफवर चढलात की बाकीच्या दोघांवरून मारा, हाफ मूनवर गेलात की शुगर लोफच्या मागच्या अंगावरून मारा. शिवाय जपान्यांनी बरीचशी शस्त्रं टेकड्यांच्या मागच्या उतारावर आणि आत खोदलेल्या बोगद्यांत ठेवलेली, त्यामुळे समोरून कितीही बाँबगोळे टाकले तरी ती शाबूत.

घाटमाथा
मी लष्करातला नाही, किल्ल्यांवर भटकणारा माणूस आहे, पण हे वाचताना सारखी गोमुखी दरवाज्याची आठवण येतेय. रायगडाचा महादरवाजा बघा, खालून येताना दार दिसतच नाही, दोन बुरुजांच्या मधे वळणात लपवलेलं. दारापाशी पोचायला बुरुजाला वळसा घालावा लागतो आणि त्या वेळी तुमची कूस तटावरच्या लोकांच्या पुढ्यात येते. तटातल्या जंग्यांमधून (मारा करायच्या भोकांमधून) बघितलं तर कळतं की काही सरळ समोर बघतात आणि काही तिरक्या खाली, वाटेवर रोखलेल्या. हत्ती दारावर धडक द्यायला आणला तरी त्याला धावायला जागा नाही. मशीनगन नव्हती पण डोकं तेच.

पुस्तकी
युरोपात उलटा प्रवास झाला. गोल बुरुजाच्या अगदी पायथ्याशी एक तुकडा असा राहतो जिथे शेजारच्या बुरुजावरून मारा पोचत नाही, शत्रू तिथे घुसून सुरुंग लावायचा. तोफा आल्यावर सोळाव्या शतकात इटलीत बाणाच्या टोकासारखे कोनाकृती बुरूज बांधायला लागले, म्हणजे प्रत्येक भिंतीच्या कडेने शेजारच्या बुरुजावरून सरळ मारा करता येईल, झाकलेला कोपरा उरणारच नाही. फ्रान्सच्या व्होबाँने सतराव्या शतकात ती कला टोकाला नेली. वरून बघितलं तर नक्षी वाटते, खरं तर ती नुसती माऱ्याच्या रेषांची भूमिती आहे.

खवट_बाबू
छान छान. किल्ले, नक्षी, १९४४. पण महोदय, आता वरून ड्रोन येतो आणि तुमच्या त्या सुंदर गनच्या डोक्यावर बाँब टाकून जातो. एन्फिलेड गेलं उडत. २०२२ पासून युक्रेनमध्ये काय चाललंय ते बघत नाही का कोणी? हा सगळा इतिहासाचा तास आहे, आताच्या लढाईत उपयोग शून्य.

टिवल्याबावल्या
आले, बाबू आले. धागा आता पन्नाशी गाठणार.

जुना_एमएमजीवाला
बाबू, अर्धं मान्य. डोक्यावर आच्छादन नसलेला मोर्चा (म्हणजे लढायचा खड्डा) आता चालत नाही, पाच-सहा माणसांच्या मोठ्या मोर्च्याऐवजी दोघातिघांचे छोटे मोर्चे विखरून करावे लागतात, लांबलचक सरळ खंदक वरून लगेच दिसतो, आणि रात्री अंधाराचा आडोसा पूर्वीइतका राहिला नाही कारण थर्मल कॅमेऱ्याला अंगाची ऊब दिसते. हे सगळं खरं.

पण जमीन कुठे बदलली? नाला आहे तिथेच आहे, उंचवटा आहे तिथेच आहे. ड्रोनने कितीही हाणलं तरी शेवटी जागा ताब्यात घ्यायला माणूस पायी नाहीतर गाडीतून येतोच, आणि तो आला की त्याला कुठून मारायचं हा प्रश्न तोच. उलट मोर्चे छोटे आणि लांब लांब झाले की एकमेकांना राखायची गरज वाढते. दोघांचा मोर्चा एकटा पडला तर किती वेळ टिकेल?

खवट_बाबू
विखुरलेल्या दोघादोघांना एकमेकांचं तोंडही दिसत नाही, राखणार काय कपाळ. तिथे एकमेकांना राखायचं काम पण ड्रोनच करतो. मी माझ्या मतावर ठाम आहे.

सांजवारा
दोघांचंही बरोबर असू शकतं की. ड्रोन हेही एक शस्त्रच, ते कुठून उडवायचं, कोणता झाकलेला भाग त्याने बघायचा हे ठरवावंच लागतं. मला वेगळंच विचारायचंय. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या सोमला १ जुलै १९१६ ला एका दिवसात ब्रिटिशांचे ५७,४७० सैनिक मारले गेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले, त्यातले १९,२४० ठार. मी लहानपणापासून ऐकत आलोय की ते वेड्यासारखे मशीनगनच्या तोंडात चालत गेले. ते समोरून होतं की बाजूने?

पुस्तकी
दोन्ही, आणि त्यात तोफांचा वाटाही मोठा. पण बाजूच्या माऱ्यासाठी मॅश व्हॅलीचा नकाशा काढून बघा. रुंद उघडी दरी, एका अंगाला ओव्हिलेर गाव, दुसऱ्या अंगाला ला बॉइसेल, दोन्ही जर्मनांच्या ताब्यात. ब्रिटिश पलटणी त्या दरीतून वर चालत निघाल्या आणि दोन्ही गावांतून त्यांच्या कुशीत मशीनगन सुरू झाल्या. समोरचा खंदक दूरच राहिला. त्याआधी आठवडाभर तोफांचा भडिमार चालला होता, पण जर्मन माणसं गन घेऊन खोल तळघरांसारख्या खड्ड्यांत बसून होती, भडिमार पुढे सरकला की वर येऊन गन लावायच्या.

रेघोट्या
जुना साहेब, आता प्रत्यक्षात गन लावायची म्हणजे नेमकं काय काय करतात ते सांगाल का? नकाशात मी नुसता बाण काढतो, त्यात मजा नाही.

जुना_एमएमजीवाला
सांगतो, हा माझा आवडता भाग.

मोर्चा खणायच्या आधी गनवाला जमिनीवर पालथा पडतो, डोळा गनच्या उंचीला. उभं राहून जागा निवडली की हमखास फसगत, उभ्याने दिसणारं सगळं पालथं पडल्यावर गवतामागे जातं. मग शेवटची रेषा ठरवायची, म्हणजे शत्रू अगदी अंगावर आला, अंधार आहे, धूर आहे, काही दिसत नाही, तेव्हा गन ज्या एका रेषेवर लॉक करून मारत राहायचं ती. ही रेषा आपल्या मोर्च्यांच्या पुढून तिरकी, शेजाऱ्याच्या पुढ्यातून जाते आणि गोळी जमिनीपासून साधारण मीटरभराच्या वर जाता कामा नये, म्हणजे पळणाऱ्यालाही लागेल आणि वाकलेल्यालाही. सपाट जमीन असेल तर सहाशे मीटरपर्यंत हे जमतं.

पण जमीन कधी सपाट नसते. म्हणून एक जण त्या रेषेवरून गनपासून लांब चालत जातो आणि गनवाला गनच्या साइटमधून त्याच्याकडे बघत राहतो. चालणारा कमरेपर्यंत बुडाला, छातीपर्यंत बुडाला, एकदम गायब झाला, असं जिथे जिथे होईल तिथे खोलगट जागा आहे. त्याला डेड ग्राउंड म्हणतात. वरून सपाट दिसणाऱ्या शेतात माणूस उभाच्या उभा नाहीसा होतो, बघितल्याशिवाय पटत नाही. प्रत्येक अशी जागा कुठून कुठपर्यंत ते पावलांनी मोजून कागदावर उतरवायचं, आणि तिथे आपली गन मारू शकत नाही म्हणून तो खड्डा मॉर्टरच्या (उखळी तोफेच्या) नाहीतर ग्रेनेडच्या नावावर लिहायचा. मॉर्टरचा गोळा वरून पडतो त्यामुळे खड्ड्याचा आडोसा त्याला चालत नाही.

मग गनच्या डाव्या-उजव्या हद्दीला खुंट्या ठोकायच्या म्हणजे अंधारात बॅरल खुंटीला टेकली की कळतं, याच्या पलीकडे आपली माणसं. काटेरी तार त्या शेवटच्या रेषेला समांतर आणि रेषेच्या आपल्या बाजूला, म्हणजे शत्रू तारेशी अडकून उभा राहतो ते बरोबर गोळ्यांच्या वाटेत. आणि तार मोर्च्यापासून इतकी लांब की तिथून हातबॉम्ब फेकला तर मोर्च्यात पडू नये. ज्या तारेवर कोणाचा डोळा नाही आणि कोणाची गन नाही ती नुसती शोभेची, शत्रू आरामात कापून येतो. सुरुंगांचंही तसंच.

घाटमाथा
काय लिहिलंय! वेगळा लेखच करा की याचा.

सांजवारा
रणगाड्यांविरुद्धच्या शस्त्रांचं पण हेच तत्त्व का? म्हणजे रणगाडा काही रांगेत पडून राहत नाही.

पुस्तकी
तिथे कारण वेगळं, उत्तर मात्र तेच. रणगाड्याचं चिलखत पुढून सगळ्यात जाड, कुशीला आणि मागे पातळ. म्हणून तोफ अशी लपवायची की रणगाडा पुढे जाताना कूस दाखवेल. १९६५ च्या सप्टेंबरातली, पंजाबातल्या असल उत्तर गावाजवळची लढाई. भारतीय बाजूने घोड्याच्या नालेच्या आकारात बचाव आखला, शेतांत पाणी सोडून चिखल केला, सेंच्युरियन रणगाडे आणि जीपवरच्या आरसीएल (धक्का न देणाऱ्या, रणगाडाविरोधी) तोफा उभ्या उसात लपवल्या. पाकिस्तानी पॅटन रणगाडे त्या नालेत शिरले, चिखलात रुतायला लागले आणि तीन बाजूंनी मारा सुरू झाला. चौथ्या ग्रेनेडियर्सचे अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या आरसीएलनेच पॅटन फोडले आणि त्यातच त्यांना वीरमरण आलं, त्यांना परमवीर चक्र मिळालं.

जुना_एमएमजीवाला
त्यात एक भर. १०६ आरसीएल मारली की मागून आगीचा आणि धुळीचा एवढा लोट निघतो की आख्ख्या जगाला कळतं तू कुठे आहेस. त्यामुळे एकदोन गोळे मारायचे की जीप दुसरीकडे. दुसरी जागा आधीच बघून, वाट साफ करून ठेवलेली हवी, गोळे यायला लागल्यावर शोधायला निघालास तर संपलास. आणि मागे भिंत किंवा आपली माणसं नकोत, नाहीतर शत्रूच्या आधी तीच भाजतील.

गोळीबार कधी सुरू करायचा हाही जागेचाच भाग आहे बरं का. शत्रूची छोटी टोळी चाचपणीला आली तर एमएमजी गप्प, रायफलवाले उत्तर देतात. ती टोळी खरं तर तुमची एमएमजी शोधायलाच आलेली असते.

पुस्तकी
रशियातल्या कुर्स्कला, जुलै १९४३, जर्मनांविरुद्ध सोव्हिएत रणगाडाविरोधी तोफांचे गट करून एकेका गटावर एकच कमांडर नेमायचे. सगळ्या तोफा एकाच रणगाड्यावर एकदम मारायच्या, आणि तोही जवळ आल्यावर. एकटीदुकटी तोफ लांबून उडवायला लागली की लगेच सापडते. शिवाय एक रेषा फुटली की मागे दुसरी, तिच्यामागे तिसरी, अशी खोलवर.

टिवल्याबावल्या
आणि सिंगापूर? तिथे तर इंग्रजांच्या तोफांची तोंडं समुद्राकडे आणि जपानी आले मागच्या दाराने, हा हा हा.

पुस्तकी
हे सगळेच सांगतात पण अर्धवट आहे. फेब्रुवारी १९४२ मध्ये पंधरा इंची तोफांपैकी जोहोर बॅटरी नावाच्या गटातल्या तोफांनी जमिनीकडेही मारा केला, तोंड वळत होतं. गोम दारूगोळ्यात होती. साठा मुख्यतः युद्धनौकांचं चिलखत फोडणाऱ्या गोळ्यांचा. ते पायदळावर मारले की मातीत खोल घुसायचे आणि परिणाम फारसा नाही. जागा, दिशा आणि गोळा, तिन्ही जुळायला लागतात.

सांजवारा
मग लडाखमधली चीनविरुद्धची रेझांग ला खिंडीची लढाई पण यातच बसते का? १८ नोव्हेंबर १९६२, तेरावी कुमाऊँ, मेजर शैतान सिंग यांची कंपनी. तिथे तोफखान्याची मदत मिळाली नाही एवढंच वाचलंय.

जुना_एमएमजीवाला
बसतं, आणि वाईट रीतीने बसतं. तोफा मागे होत्या पण मधे डोंगराचा उंचवटा असा आला होता की गोळा त्याला ओलांडून खिंडीपुढच्या उतारावर पडूच शकत नव्हता. कंपनीला आधीपासून माहीत होतं की आपल्याला तोफेचं छत्र नाही. मग उरल्या एलएमजी (हलक्या मशीनगन), छोटे मॉर्टर आणि रायफली. सुमारे एकशेवीस जण होते, त्यातले शंभराहून जास्त तिथेच पडले, अनेकांचे देह दुसऱ्या वर्षी मोर्च्यातच सापडले, हातात हत्यार तसंच. त्यांच्या बाजूने काही कमी पडलं नव्हतं. पण मोर्चे आखताना तोफ कुठे आहे याच्याइतकंच तोफ आणि मोर्च्याच्या मधे काय आहे हे बघावं लागतं, नकाशावर अंतर पाच किलोमीटर दिसतं आणि गोळा तिथे पोचतच नाही.

खवट_बाबू
हे मात्र पटलं. ड्रोनला असा डोंगर आडवा येत नाही, हे आपलं सहज.

जुना_एमएमजीवाला
त्याचा सिग्नल येतो की आडवा!

रेघोट्या
मंडळी, ओमाहाचा नकाशा बाजूला ठेवला आणि सरावासाठी एक काल्पनिक टेकडी काढली. माथ्यावर मोठी गन, सगळीकडचं दिसतं. डावी-उजवीकडे दोन एलएमजी. मागे मॉर्टर. ठीक आहे का साहेब?

जुना_एमएमजीवाला
माथ्यावर गन? सगळीकडचं दिसतं म्हणजे सगळीकडून दिसते पण. आभाळाच्या पार्श्वभूमीवर ती लांबूनच ओळखू येणार. आणि उंचावरून खाली मारलंस की गोळी जमिनीत घुसते, जमिनीलगत सरकत नाही, तो लांब पट्टा आखूड होऊन जातो. माथ्यावर नुसता एक बघणारा ठेव, लपलेला. इंग्रज सेनापती वेलिंग्टनने नेपोलियनविरुद्ध वॉटर्लूला, १८ जून १८१५, बरंचसं सैन्य माथ्याच्या पलीकडच्या उतारावर ठेवलं होतं, फ्रेंच तोफांना दिसलंच नाही. तू गन खाली आण, टेकडीच्या कुशीला, पायथ्याच्या थोडं वर, तोंड आडवं, शेजारच्या टेकडीच्या पुढून जाणारं.

रेघोट्या
शेजारची टेकडी काढलीच नाहीये.

जुना_एमएमजीवाला
मग आधी ती काढ. आणि दोन्ही गनला एकेक दुसरी जागा दाखव, तुटक रेषेने, पहिलीपासून निदान इतकी लांब की एका माऱ्यात दोन्ही सापडू नयेत. खोलगट भाग रेघा मारून काळे कर, त्यातला प्रत्येक कोणाच्या नावावर आहे ते लिही. एकही बेवारस नको. रेंज कार्डच्या (गनची रेषा, हद्दी आणि खोलगट जागा उतरवलेल्या कागदाच्या) दोन प्रती कर, एक गनपाशी आणि एक प्लाटून कमांडरकडे. मग फोटो टाक इथे, बघतो.